वजन ३१८, बांधा मध्यम

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आवक-जावक विभागाचे प्रफुल्ल आयरे अनुजा धुरीच्या टेबलापाशी आले, तिचा अहवाल तिसऱ्यांदा परत ठेवला आणि दोन पावलं जाऊन थांबले.

"मॅडम, संगणक घेत नाही."

"आता काय झालं?"

"पदार्थाचं नाव नाही. तिथे लाल चांदणी आहे. लाल चांदणी म्हणजे सक्ती."

"नाव माहीत नाही म्हणून तर 'अनोळखी' लिहिलंय."

"अनोळखी चालत नाही. मी माझ्या जबाबदारीवर 'अज्ञात' टाकून बघितलं. मग 'इतर' टाकलं. तर विचारतो, इतर कोण?"

परळच्या राज्य जल परीक्षण केंद्रात अनुजा नऊ वर्षं वैज्ञानिक अधिकारी होती. त्यातली आठ वर्षं काम सरळ होतं. सरकारची सदतीस घातक पदार्थांची यादी होती. पाण्याचा नमुना आला की त्यात हे सदतीस आहेत का ते बघायचं. नसतील तर पाणी चांगलं. अडतिसावा कोणी असेल तर त्याला कोणी विचारत नसे. लग्नाच्या दारात पत्रिका बघून आत सोडावं आणि मागच्या भिंतीवरून किती जण उड्या मारून आले ते मोजूच नये, तसा तो कारभार.

गेल्या वर्षी नवीन यंत्र आलं. ते यादी विचारत नाही. पाण्यात जे जे विरघळलंय ते सगळं पकडतं, वजन करतं, तोडून तुकडे मोजतं आणि सांगतं, हे घ्या, एवढे जण आहेत, ओळखा. सरकारने ही पद्धत स्वीकारावी म्हणून दादरच्या एका सभागृहात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी यंत्राबरोबर फोटो काढला. अनुजाला नोडल अधिकारी नेमलं. यंत्र स्वीकारलं, पद्धत स्वीकारली, फक्त अहवालाचा फॉर्म तोच राहिला.

आणि आता त्या यंत्रात तिने काळाचौकीच्या भाग्योदय चाळीमागच्या विहिरीचं पाणी घातलं होतं. सदतीसपैकी एकही नव्हता. बाकी दोनशे बारा जण होते. बरेचसे ओळखीचे निघाले: साबण, डोकेदुखीच्या गोळ्या, बिनसाखरेच्या मिठाईतली गोडी. काही किरकोळ होते, ते नंतर बघता आले असते. एक मात्र सगळ्यांत उंच उभा होता. वजन ३१८.१२. जगभरच्या पाच लाख पदार्थांच्या संग्रहात त्याचा पत्ता नव्हता.

भाग्योदय चाळीत साठ खोल्या. पुनर्विकासाची फाईल अकरा वर्षं फिरतेय आणि नळाला पाणी करंगळीएवढं. म्हणून रहिवाशांनी जुनी विहीर उपसली, पंप बसवला, घराघरांत पाइप नेले. येत्या रविवारनंतरच्या रविवारी उद्घाटन होतं. "पिण्यायोग्य" असा दाखला तेवढा यायचा होता. विहीर समितीच्या अध्यक्ष जाईबाई गणपत धुरी, खोली नंबर सतरा, वय एकोणसत्तर. अनुजाची आई.

वालावलकर साहेब म्हणजे उपसंचालक हितेंद्र वालावलकर. त्यांनी अहवाल वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"यादीत नाही ना? मग 'निरंक' लिहा."

"पण सर, आहे ना तो. सगळ्यांत जास्त तोच आहे."

"असेल. पण शासनाच्या लेखी नाही. विषारी आहे का?"

"माहीत नाही."

"मग चांगला आहे."

"तेही माहीत नाही, सर."

"धुरी, तुम्हाला नक्की काय माहीत आहे?"

"वजन."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. दाखला सोमवारी पाठवून द्या, म्हणाले. अनुजा बाहेर आली तेव्हा प्रफुल्ल दाराशीच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण आवक-जावक विभागाला सगळं आत यायच्या आधी कळावं लागतं.

"मॅडम, मी इथे बदलीवर यायच्या आधी कुठे होतो माहीत आहे? शवागारात. अठरा वर्षं."

"बरं."

"तिथे हा प्रश्नच नव्हता. अनोळखी देह आला की त्याचा वेगळा फॉर्म. उंची, बांधा, वर्ण, अंगावरचे कपडे, कुठे सापडला, खाणाखुणा. वर्तमानपत्रात जाहिरात. सात दिवस वाट बघायची. त्या सात दिवसांत काही म्हणजे काही हलवायचं नाही. चौकशी चालू असताना साहेबालासुद्धा सही करता येत नाही."

"साहेबालासुद्धा?"

"मंत्र्यालासुद्धा."

अनुजाने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. अठरा वर्षांत त्या माणसाची ती सवयच गेली असावी.

"फॉर्म आहे का तुमच्याकडे?"

"गठ्ठा आणलाय. कुठे लागतील सांगता येत नाही."

शनिवारी जाहिरात आली, पान सातवर, एका हरवलेल्या पासपोर्टच्या आणि एका नाव बदलल्याच्या नोटिशीच्या मध्ये: *ओळख पटवण्याबाबत. खालील वर्णनाचा पदार्थ काळाचौकी येथील विहिरीत आढळला आहे. वजन ३१८.१२. बांधा मध्यम. वर्ण नाही. अंगावर क्लोरीनचे दोन अणू. स्वभाव चिकट. माहिती असणाऱ्यांनी सात दिवसांत कार्यालयीन वेळेत परळ येथे भेटावे.*

"स्वभाव चिकट?" अनुजाने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, काचेला धरून बसतो, सुटत नाही. खाणाखुणांत टाकलं."

वालावलकर साहेबांनी जाहिरात वाचली, फॉर्मवर स्वतःची सही बघितली (प्रफुल्लनी ती रजेच्या अर्जांच्या मध्ये घेतली होती) आणि नियम उघडून बघितला. नियम प्रफुल्ल म्हणाले तसाच होता. सात दिवस दाखला देता येणार नव्हता.

सोमवारपासून माणसं यायला लागली.

पहिले आले गिरगावातले एक वैद्य. हा पदार्थ म्हणजे आपल्या आजोबांचं गुप्त चूर्ण असून तो सापडल्याबद्दल त्यांना मरणोत्तर श्रेय मिळावं, असा त्यांचा अर्ज होता. मग एक बाई आल्या. त्यांनी वजन किलोत आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, आमचे बासष्ट किलोचे होते, आणि चहा न घेता गेल्या. मग स्थानिकांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या एका संघटनेचे तिघे आले. पदार्थ इथलाच आहे की बाहेरून आलाय याचं लेखी उत्तर त्यांना हवं होतं. बाहेरचा असेल तर त्याला विहिरीत जागा कोणी दिली?

बुधवारी एक एजंट आला. "मॅडम, हा विहिरीत कधीपासून राहतो?"

"सांगता येत नाही. जुना असावा."

"जुना म्हणजे किती सालापासून? पुरावा करू आपण. पात्र ठरला तर पुनर्विकासात खोली मिळेल त्याला."

प्रफुल्ल प्रत्येकाला दोन ओळखपत्रं मागत, पावती देत आणि अर्ज फाईलला नत्थी करत. फाईल चार बोटं जाड झाली.

बुधवारी संध्याकाळी अनुजा घरी आली तर चाळीच्या चौकात मंडळाचा सेक्रेटरी विकास खुर्च्यांचा हिशेब सोडून तिचीच वाट बघत होता.

"काय गं अनुजा, आपल्या विहिरीला बेवारस ठरवलंस? पेपरात? माझ्या सासुरवाडीला कळलं."

"विहीर नाही रे. विहिरीतला एक जण."

"ए, मग त्या एकाला बाजूला काढ ना. बाकीचं पाणी आम्ही पितो."

खोलीत जाईबाई स्टोव्हपाशी पाठ करून उभ्या होत्या. पाठीवरूनच कळत होतं.

"आई, अगं ऐक तरी."

"माका नको सांगू. अकरा वर्सां बिल्डराच्या दारात चपला झिजवलंय. आता विहीर केली, ती पण माझीच पोरगी बंद करतली."

"तो वाईट आहे असं मी म्हणतच नाही. तो कोण आहे ते माहीत नाही, एवढंच. घरात अनोळखी माणूस शिरला तर तू आधी नाव विचारशील की चहा देशील?"

"चहा त्येचोच आसा," जाईबाई म्हणाल्या आणि कप पुढे ठेवला. "सोमवारपासून विहिरीच्याच पाण्याचो करतंय. मेलंय काय मी?"

अनुजाने दोन दिवस तो चहा घेतला होता. तिने कप हातात धरला, ठेवला, परत उचलला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला. हे जाईबाईंना एकदम लागलं.

"जसो बाप, तशी पोरगी. त्येका पण माझ्या हातचा काय आवडला नाय. तीस वर्सां एकच. जाई, आमटीत मीठ नाय. जाई, भातात मीठ नाय. मरायच्या आदल्या दिवशी सुद्धा मीठ नाय म्हणून ताट सारल्यान. मी काय मीठ चोरून विकीत होतंय?"

भिंतीवरच्या फोटोत गणपत धुरी नेहमीसारखे कडवट तोंड करून बघत होते. गिरणीच्या रंगखात्यात काढलेली सव्वीस वर्षं, मग संप, मग काहीच नाही. या भांडणात अनुजा लहानाची मोठी झाली होती. तिच्या मते आईच्या जेवणात मीठ जास्तच असे.

शुक्रवारी, सातव्या दिवशी, दुपारी पावणेएक वाजता अँटॉप हिलहून बुधाजी गमरे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी केलेली जाहिरात आणि हातात कापडी पिशवी. प्रफुल्लनी ओळखपत्रं मागायच्या आत त्यांनी तीन टेबलावर ठेवली.

"वजनावरून मला काही कळत नाही, बाई," ते अनुजाला म्हणाले. "पण 'स्वभाव चिकट' वाचलं आणि म्हटलं जाऊन यावं. वास दाखवता का?"

सरकारी नियमात वास दाखवण्याची तरतूद नव्हती. अनुजाने पाण्यातून वेगळा काढलेला, बाटलीच्या तळाशी थेंबभर उरलेला अर्क त्यांच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने नाक खाली नेलं आणि लगेच वर घेतलं.

"ओलं गोणपाट. आणि मागून लवंग."

अनुजाच्या वहीत हेच दोन शब्द होते. ते तिने कोणालाही दाखवले नव्हते.

"हा मेव्हणा," बुधाजी म्हणाले.

"कोणाचा?" प्रफुल्लनी पेन उघडलं.

"सगळ्या रंगखात्याचा. कापडाला रंग लावला की तो चार धुण्यांत निघून जातो ना, बायको माहेरी जावी तसा. मग याला घालायचं. हा समजूत काढून परत आणून बसवायचा. म्हणून मेव्हणा. खरं नाव पिंपावर इंग्रजीत होतं, ते पिंपाबरोबर गेलं. संप झाला, गिरणी बंद पडली, तेव्हा तीसेक पिंपं मागच्या भिंतीला उभी होती. भिंतीपलीकडे तुमची विहीर."

"तुम्हाला खात्री आहे?"

बुधाजींनी पिशवीतून औषधाची एक जुनी बाटली काढली. तळाशी बोटभर तपकिरी काहीतरी होतं. "शेवटच्या पाळीला घरी आणलं होतं. चौदा एप्रिलला आमच्या विहाराचे निळे झेंडे मीच रंगवतो. एक थेंब घातला की पाऊस पडो काही होवो, निळा हलत नाही. चाळीस वर्षं पुरवलं."

अनुजाने बाटलीतला सुईच्या टोकाएवढा अंश पातळ करून यंत्रात घातला. तीन वाजता कागद बाहेर आला. यंत्रातून बाहेर पडायला तेवढाच वेळ. तोडल्यावर तेवढेच तुकडे. वजन ३१८.१२. क्लोरीन दोन. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेषेवर रेष बसली.

"हात लावायचो नाही आम्ही त्याला," बुधाजी मागून सांगत होते. "नखं पांढरी पडायची. जिभेची चव जायची, ती परत यायची नाही. आमचा मुकादम ओरडायचा, मेव्हण्याला शिवून जेवायला बसू नका. पण अर्ध्या तासाची सुट्टी, नळ एक, माणसं नव्वद."

प्रफुल्लनी संगणकात नावाच्या रकान्यात "मेव्हणा" लिहिलं. लाल चांदणी विझली आणि रकाना हिरवा झाला.

साडेचार वाजता अनुजा कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांना मनापासून आनंद झाला.

"म्हणजे ओळख पटली! चौकशी संपली! धुरी, उत्तम काम. आता मेव्हण्याची मर्यादा किती आहे?"

"कसली मर्यादा?"

"लिटरमागे किती चालतो, शासनाची मर्यादा."

"सर, त्याची कुठेच नोंद नाही. मर्यादा कशी असेल?"

"मर्यादा नाही म्हणजे मर्यादा ओलांडलेली नाही." त्यांनी दाखल्यावर सही केली. पिण्यायोग्य. खाली अडतिसावी ओळ: मेव्हणा, आढळला, मर्यादेत. "दिल्लीला कळवा. नवीन पद्धत आपण शंभर टक्के स्वीकारली."

"सर, त्याने माणसांच्या जिभा गेल्यात."

"त्याचा फॉर्म वेगळा असेल."

बाहेर प्रफुल्ल फॉर्मचं शेवटचं पान भरत होते. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला. "एकच गोष्ट राहते, मॅडम. ओळख पटवणाऱ्याने ताबा घ्यायचा. नियमाने मेव्हणा आता गमरेंचा. घटनास्थळावरून न्यायची परवानगी देतो मी. शिक्क्यासकट."

बुधाजींनी कागद वाचला, घडी केली, जाहिरातीजवळ खिशात ठेवली. "रविवारी किती वाजता आहे तुमचं उद्घाटन?"

रविवारी सकाळी दहाला भाग्योदय चाळीच्या चौकात शंभर खुर्च्या, एक ताशा, पंपाला झेंडूचा हार आणि हारावर दाखला. जाईबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि लेकीशी त्या बोलत नव्हत्या. विकासने माइकवर "एक, दोन, तीन" केलं. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट गर्दीतून पुढे आला.

"माफ करा. मी मेव्हण्याला न्यायला आलोय."

"कोणाच्या?" विकासने माइक बंद न करताच विचारलं. सगळ्या चाळीला ऐकू गेलं.

"विहिरीत आहे. कागद आहे माझ्याकडे. शिक्क्याचा."

"ओ काका, कार्यक्रम चालूय, बसा खाली. चहा घ्या."

"न्यायला बादली पण आणलीय," बुधाजी म्हणाले आणि पिशवीतून खरोखरच प्लास्टिकची बादली काढली. "एकदम जमणार नाही. रोज थोडा थोडा नेईन. पण तो सगळ्या विहिरीत पसरलाय, त्यामुळे सगळी विहीर न्यावी लागेल. तोवर दुसऱ्या कोणी काढू नये. माझ्या ताब्यातला आहे."

लोक हसले. जाईबाई हसल्या नाहीत. समितीच्या अध्यक्ष म्हणून त्या पुढे आल्या.

"कोण तुम्ही? कोणाचो मेव्हणो आमच्या विहिरीत?"

"बुधाजी गमरे. रंगखातं, दुसरी पाळी."

"आमचे पण रंगखात्यात होते. गणपत धुरी."

बुधाजींनी बादली खाली ठेवली. "मिठाचा गणपत?"

"कसल्या मिठाचो?"

"वहिनी, चव सगळ्यांचीच गेली होती. कोणी लिंबू आणायचं, कोणी मिरची. गणपत मीठ घेऊन यायचा. पितळी डबी होती त्याची, झाकणावर मोर. डबा उघडला की आधी मोर उघडायचा. म्हणायचा, बायको चांगलं करते रे, मलाच कळत नाही. घरी मात्र सांगू नका."

"ती तपकिरीची डबी," जाईबाई म्हणाल्या. "तपकिरीवरून भांडलंय मी त्येंच्याशी."

त्या वळल्या आणि जिना चढून गेल्या. चौकात ताशेवाला काडी हातात धरून उभा राहिला. चार मिनिटांनी त्या खाली आल्या. मुठीत डबी होती. गणपत गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षांत, ती कोणी उघडली नव्हती. मोर घट्ट बसला होता. जाईबाईंनी ती पंपाच्या कडेवर दोनदा आपटली. आत करडा, दगड झालेला एक गोळा होता. त्यांनी नखाने कण काढला आणि जिभेवर ठेवला.

त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"तीस वर्सां," त्या डबीला म्हणाल्या. "सांगूक काय झाला होता?"

मग त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या, खोली नंबर सतराचं कुलूप अनुजाकडून मागवून घेतलं आणि पंपाच्या पेटीला लावलं. हार तसाच राहिला, दाखलाही.

"जाईकाकी, अहो दाखला आहे!" विकास माइकमध्ये ओरडला. "सरकारी दाखला आहे!"

"तो तू पी," जाईबाई म्हणाल्या. मग बुधाजींकडे वळल्या. "तुम्ही वर चला. जेवूनच जावा. मीठ तुमच्या हातान घाला."

सोमवारी विकासची तक्रार परळला पोचली: पाणी पिण्यायोग्य असूनही समितीच्या अध्यक्षांनी पंप कुलूपबंद केला आहे. वालावलकर साहेबांनी लेखी खुलासा मागवला. जाईबाई स्वतः आल्या. प्रफुल्लनी त्यांना खुर्ची आणि ग्लासभर पाणी दिलं, चहा मागवला आणि हे पाणी कुठलं असं त्यांनी विचारल्यावर ग्लासही बदलला. बाकावर बुधाजींनी आणलेले रंगखात्याचे चार म्हातारे बसले होते, आणि अनुजा विहिरीतल्या उरलेल्या अनोळखींची एकेक बाटली एकेकाच्या नाकाशी धरून वहीत लिहून घेत होती.

संगणकावर खुलाशाचा रकाना उघडला. वर 'कारण' लिहिलेलं, शेजारी लाल चांदणी.

"काय लिहू, काकी?"

"मीठ," जाईबाई म्हणाल्या.

प्रफुल्लनी तेवढंच लिहिलं. रकाना हिरवा झाला.